आईच्या बायबलचं बायंडिंग: लक्ष्मीपुरीतल्या मामांच्या कामाचा अनुभव

कोल्हापुरात जुनं पुस्तक नीट बांधून देणारं कोण आहे का, असं आमच्या चर्चमधल्या बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आहेत. लक्ष्मीपुरीत आहेत, बायंडर मामा म्हणतात त्यांना. काम एक नंबर, वेळ जास्त लागतो, पैसे वाजवी, माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार. ज्यांना एवढंच पाहिजे त्यांचं काम झालं, पण नुसत्या स्टारवरून कळणार नाही की त्या माणसानं काय केलंय, म्हणून बाकीचं पण लिहिते.

पुस्तक म्हणजे आमच्या आईचं बायबल. आई नाताळ झाल्यावर थोड्याच दिवसांत प्रभूकडे गेली. वय झालं होतं, घरातच गेली, मुलं सुना जावई नातवंडं सगळी भोवती होती आणि शेवटच्या रात्री माझी थोरली तिच्या कानाशी तेविसावं स्तोत्र म्हणत होती तेव्हा आईचा आवाज गेलेला तरी ओठ हलत होते, एक शब्द पुढंमागं नाही. दफनविधी झाला, आभार प्रार्थना झाली, पाहुणे गेले आणि मग साड्या, पाटल्या, भांडी ह्याचं काय करायचं ते बोलायची वेळ आली. त्यावरून आमच्यात एक शब्द झाला नाही, ज्याला जे पाहिजे ते घ्या असंच चाललं होतं. पण बायबल सगळ्यांनाच पाहिजे होतं. मला, ताईला, दादाला आणि दादाच्या मुलाला सुद्धा, जो एरवी कशातच नसतो. शेवटी ठरलं की आधी ते नीट करून आणायचं कारण त्या अवस्थेत ते कुणाच्याच घरी टिकलं नसतं, आणि नंतर ते दादाकडं राहील पण ज्याच्या घरी प्रार्थना असेल त्याच्याकडं जाईल.

अवस्था सांगते म्हणजे मामांनी काय केलं ते समजेल. आईचं बायबल म्हणजे काळ्या पुठ्ठ्याचं, लाल कडांचं जुनं पवित्र शास्त्र, लग्नात तिच्या आईनं दिलेलं. तिची आई कोडोलीकडची, गावोगाव चालत जाऊन बायकांना वचन वाचून दाखवणारी बायबलबाई. आई मिरजेला मिशन हॉस्पिटलमध्ये, म्हणजे डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या हॉस्पिटलात, नर्सिंग शिकली आणि लग्न होऊन कोल्हापुरात आली ती इथलीच झाली. ड्युटी सकाळची असो नाहीतर रात्रीची, पहाटे उठून चहाच्या आधी वाचन. तिचा हिशोब ठरलेला, रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच, म्हणजे ११८९ अध्याय वर्षाच्या आत पुरे होतात. ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेला जायच्या आधी प्रकटीकरणाचं शेवटचं पान वाचायचं आणि १ जानेवारीला परत उत्पत्ति. आम्ही लहान असताना वाटायचं की सगळ्यांच्याच आया असं करतात.

तर इतकी वर्षं रोज उघडलेलं पुस्तक. उत्पत्तीची पुढची पानं सुटलेली, मागं प्रकटीकरणाची सुटलेली, आणि मधोमध स्तोत्रसंहितेत शिलाईच तुटून पुस्तकाचे सरळ दोन भाग झालेले. स्तोत्रसंहिता बरोबर मध्यावर येते आणि आई दिवसातून कितीदा तरी तिथंच उघडायची, दुःखाची बातमी आली तरी तिथं आणि आनंदाची आली तरी तिथंच. बाबांनी कधीतरी सेलोटेप लावलेला, तो पिवळा पडून कडक झालेला आणि त्याच्या खालची अक्षरं तपकिरी. पाठीकडून कसर लागलेली. शिवाय २०१९ च्या पुराचं पाणी. आमचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला, ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा आईनं पहिल्यांदा बायबल टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून छातीशी धरलं आणि मग औषधांची पिशवी मागितली. तरीपण खालची कड भिजलीच, तिथं पानांना लाटेसारखा डाग आहे.

मी आधी दुसऱ्या एका दुकानात नेलं होतं, नाव लिहीत नाही. तिथल्या पोरानं पुस्तक उलटंपालटं केलं आणि म्हणाला मॅडम सोपं आहे, पाठ कटिंग मशीनला मारतो, तिन्ही कडा पण मारतो, डाग निघून जाईल, हॉट ग्लू लावतो, संध्याकाळी घेऊन जा, एकदम नवीन दिसेल. बोलताना त्यानं ते मशीनच्या दांडीखाली ठेवलं सुद्धा. मी पटकन हात घातला आणि उचललं. त्या पोराला मी दोष देत नाही, त्याच्याकडं झेरॉक्सच्या नोट्स येतात, त्या अशाच करतात. पण जुन्या पुस्तकाची पाठ कापली म्हणजे फर्मे, म्हणजे घडी घालून शिवलेले पानांचे गठ्ठे, सुटे होतात, प्रत्येक पान वेगळं होतं आणि मग ते फक्त गोंदावर राहतं, शिलाईवर नाही. आणि बायबलचा कागद इतका पातळ असतो की गोंद आत पाझरतो आणि पान उघडताना फाटतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मामांनी नंतर सांगितलं. मला त्या वेळी फक्त कडांवर आईचं अक्षर दिसत होतं.

मामांचा पत्ता दादाच्या ऑफिसमधल्या एकांनी दिला, त्यांनी तिथं आजोबांची ज्ञानेश्वरी बांधून घेतलेली. दुकानाला पाटी नाही. लक्ष्मीपुरीत प्रेसवाल्यांच्या बोळात आत गेलं की वरच्या मजल्यावर एक खोली, दाराशी पुठ्ठ्यांच्या थप्प्या. त्यांचं मुख्य काम शिवाजी विद्यापीठाच्या थिसिसचं, काळं रेक्झिन आणि वर सोनेरी अक्षरं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. नाव आणि नंबर टाकायला मामांनीच नको म्हटलंय कारण काम करणारे ते आणि त्यांची मिसेस दोघंच, एकदम गर्दी झाली तर झेपणार नाही. लक्ष्मीपुरीत कुठल्याही प्रेसवर थिसिसवाले बायंडर मामा म्हणून विचारा, दाखवतील.

पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं तर हात धुऊन आले, टेबलावर स्वच्छ पांढरं कापड टाकलं आणि त्यावर बायबल ठेवलं. जमिनीवर कामाचा ढीग होता पण हे खाली ठेवलं नाही. मग उघडलं नाही लगेच, आधी नुसतं बाजूनं बघितलं, पाठ बघितली, कडा बघितल्या आणि मला विचारलं, "कोण वाचत होतं?" मी म्हटलं आई. "रोज?" म्हटलं रोज. म्हणाले, "दिसतंय की. ह्या बाजूला अंगठा लागत होता त्यांचा, कड बघा कशी झालीया." मी ते बायबल लहानपणापासून बघतेय पण ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, उजव्या पानांच्या खालच्या कोपऱ्यात कड गोल झिजलेली आणि मऊ, सगळीकडं सारखी. तिथं मला रडू आलं. मामी आतून पाणी घेऊन आल्या, काही विचारलं नाही, शेजारी बसून राहिल्या.

मग मामा एकेक पान उलटायला लागले आणि थोड्या वेळानं थांबून म्हणाले, "ताई, ह्याला कटिंग मारायचं नाही. आईंचं अक्षर पार कडेपर्यंत गेलंय. कडा मारल्या तर अक्षर जातंय. डाग ऱ्हाईल, चालंल?" मी म्हटलं डाग राहू दे.

ह्या एका वाक्यासाठी मी हा सगळा रिव्ह्यू लिहितेय.

आईला डायरी लिहायची सवय नव्हती. जे काय लिहिलं ते बायबलच्या समासात. लांब काही नाही, वचनाच्या शेजारी तारीख आणि एकदोन शब्द. बाबांच्या ऑपरेशनची तारीख आणि "आभार". दादाचा दहावीचा रिझल्ट. मला नोकरीची ऑर्डर आली तो दिवस. हॉस्पिटलमधले पेशंट, नावं नाहीत, "बेड ४, लहान मुलगी" असं, आणि खाली वेगळ्या शाईत "घरी गेली" नाहीतर फक्त एक छोटा क्रूस. शेजारच्या वैनींच्या मुलीची बारावी. दूधवाल्या भाऊंचा पाय. कुणाकुणासाठी तिनं प्रार्थना केली ते त्यांना स्वतःला पण माहीत नसेल. दूधवाले भाऊ दफनाच्या दिवशी आले होते आणि मागं उभे राहून रडत होते, आम्हाला कळेना एवढं का, आता कळलं.

नीतिसूत्रे एकतिसाव्या अध्यायात, सद्गुणी स्त्रीचं वर्णन आहे तिथं, मला वाटलेलं तिनं स्वतःबद्दल काहीतरी खूण केली असेल. तिथं तिच्या सासूचं नाव आहे. आमच्या आजीचं आणि आईचं सुरुवातीला फारसं पटत नव्हतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

आणि तीमथ्याला दुसरं पत्र, पहिला अध्याय, पाचवं वचन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पौल तिथं तीमथ्याला लिहितो की तुझ्यात जो निष्कपट विश्वास आहे तो आधी तुझी आजी लोईस हिच्यात होता आणि तुझी आई युनीके हिच्यात होता. सबंध बायबलमध्ये आजीचं असं नाव घेऊन कौतुक केलेली ही एक जागा. आईनं त्याच्याभोवती पेन्सिलनं चौकट काढलेली आणि शेजारी नातवंडांची नावं, जन्मतील तशी खाली खाली, मग जागा संपली म्हणून आडवी, मग नातसुनेचं नाव वरच्या बाजूला आणि पणतीचं नाव अगदी कडेला, शेवटचं अक्षर कागदाच्या टोकाला टेकलेलं. तीन मिलिमीटर जरी कड मारली असती तरी पणतीचं अर्धं नाव कचऱ्यात गेलं असतं. पणती आत्ता बालवाडीत आहे, तिला पणजी किती आठवेल सांगता येत नाही.

आणखी एक. ईयोबाच्या पहिल्या अध्यायात एकविसाव्या वचनाशी फक्त एक तारीख आहे, शब्द नाही. ती तारीख दादाच्या जन्माच्या आधीची. आमच्या आधी आईला एक बाळ होऊन गेलं हे आम्हाला मावशीकडून उडत उडत कळलं होतं, आई स्वतः त्यावर कधी बोलली नाही. त्या तारखेच्या भोवतीचा कागद इतका हात लागलेला आहे की छपाई फिकी झालीय. दर वर्षी वाचताना ती तिथं थांबत असणार. आम्ही भावंडं ते पान बराच वेळ बघत बसलो, दादा उठून बाहेर गेला.

असो, कामाबद्दल लिहिते. मामांनी आधी शाई तपासली. ओल्या कापसाचं टोक एका अक्षराच्या कडेला लावून बघितलं, बॉलपेन आणि पेन्सिल टिकतंय पण जुनं शाईपेनचं अक्षर पाण्यानं पसरतंय, तर ती पानं त्यांनी कागदाच्या चिठ्ठ्या लावून वेगळी दाखवून ठेवली की इथं ओलं करायचं नाही. मग जुनी पाठ सोडवली. जुन्या बायंडिंगला सरस असतो, तो खरवडला तर कागद येतो बरोबर, म्हणून त्यावर खळ लावून तो मऊ होऊ द्यायचा आणि मग हळूहळू काढायचा. मग फर्मे सुटे केले. प्रत्येक फर्म्याची घडी तपासली, जिथं घडीवर कागद फाटलाय तिथं आतून पातळ पट्टी, ती पट्टी इतकी पातळ की खालची अक्षरं वाचता येतात. सेलोटेपचं प्लास्टिक निघालं पण डाग राहिला, ते त्यांनी आधीच सांगितलेलं. नंतर दाभणानं जुन्याच भोकांतून मेण लावलेल्या दोऱ्यानं जुजबंदी शिलाई, म्हणजे एकेक फर्मा घडीतून शिवायचा, नवीन भोकं पाडली नाहीत कारण घडी आधीच कमजोर. मैद्याच्या खळीत मोरचूद घालतात कसर लागू नये म्हणून, ते पण घरीच शिजवलेलं, खोलीत तोच वास. मोरचूद विषारी असतं, त्यामुळं खळीच्या भांड्याजवळ ते कुणाला जाऊ देत नाहीत. शिलाई झाल्यावर दाबाखाली ठेवून वाळवायचं. हे सगळं मी मध्ये मध्ये जाऊन बघितलं कारण मला राहवत नव्हतं आणि मामांनी एकदाही तुम्ही कशाला आला असं तोंड केलं नाही.

जुना काळा पुठ्ठा त्यांनी टाकला नाही. आतला बोर्ड नवीन घातला, पाठ नवीन कापडाची केली आणि जुनं काळं आवरण परत त्याच्यावर बसवलं, त्यामुळं हातात घेतलं की आईचंच बायबल आहे. पुढच्या कोऱ्या पानावर तिच्या आईनं लिहिलेलं होतं, लग्नाची तारीख आणि "तुझ्या घरी रोज वाचले जावो", ते पान पार सुटून मऊ पडलेलं, ते मागून कागद लावून परत पहिल्या जागी.

पुस्तकात जे सापडलं त्याचं पण सांगितलं पाहिजे. झावळ्यांच्या रविवारी मिळालेले वाळलेले छोटे क्रूस, आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट फोटो, अर्पणाचं एक रिकामं पाकीट, मिरज कोल्हापूर एसटीची तिकिटं, कुठल्यातरी लग्नाच्या पत्रिकेचा तुकडा, माझ्या धाकटीनं पहिलीत असताना काढलेलं चित्र. मामांनी प्रत्येक गोष्ट छोट्या पाकिटात घालून पाकिटावर लिहिलेलं की कुठल्या पानांच्या मध्ये होती. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच केलं. म्हणाले, "काय कुठं ठेवलंय त्याला बी कारण असतंय ताई, आपल्याला माहीत नसतंय." एसटीची तिकिटं रूथच्या पुस्तकात होती, जिथं रूथ सासूला म्हणते तू जाशील तिथं मी येईन. आजी शेवटी मिरजेला ॲडमिट होती तेव्हा आई कोल्हापूरची ड्युटी करून रोज संध्याकाळी एसटीनं तिच्याकडं जायची. तिकिटं वेगळी काढून एका डब्यात टाकली असती तर हे आम्हाला कधीच जुळलं नसतं.

सगळं परत आत घालू नका, पाठीवर ताण येतो आणि शिलाई लवकर जाते असं त्यांनी सांगितलं, म्हणून मागच्या पुठ्ठ्याला आतून कापडी खिसा करून दिला, तिकिटं आणि क्रूस त्यात. फोटो आणि चित्र अल्बममध्ये ठेवायला सांगितलं.

सोनेरी अक्षरांची गोष्ट मला फार आवडली. आईच्या बायबलवरची अक्षरं पूर्ण पुसून गेलेली. त्यांच्याकडं अक्षरांचे पितळी ठसे आहेत, त्यांना खिळे म्हणतात, गरम करून सोनेरी फॉइलवर दाबायचे. मी "पवित्र शास्त्र" पाहिजे म्हटलं, आणि मला शंका की स्त्र त्यांच्याकडं असेल का, तर मामा म्हणाले अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, सगळ्या थिसिसना हाच तर खिळा लागतोय, आमच्यात सगळ्यात जास्त झिजलेला खिळा हाच. तोच झिजलेला खिळा त्यांनी आईच्या बायबलला वापरला, स्त्र जरा जाड उमटलाय पण सरळ आहे. आईचं नाव खाली घालू का विचारलं, आम्ही नको म्हटलं. तिला नाव पुढं केलेलं आवडायचं नाही. महिला मंडळाच्या सत्काराला पण ती हळूच स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

बोलता बोलता मी त्यांना पंडिता रमाबाईंचं सांगितलं, आईनंच आम्हाला सांगितलेलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठीत बायबलचं भाषांतर केलं, केडगावला मुक्ती मिशनमध्ये, त्या १९२२ ला गेल्या आणि पुस्तक १९२४ ला बाहेर आलं, आणि ते छापायचं काम तिथल्या बायकांनीच केलेलं. मामांनी काम थांबवून ऐकलं, मग आत हाक मारली, "अगं ऐकलंस का, बायकांनी छापलंय." मामींनी लगेच विचारलं शिलाई पण बायकांनीच केली असेल का. मला तेवढं माहीत नव्हतं. मामा म्हणतात शिलाईत मामींचा हात त्यांच्यापेक्षा बरा आहे, आणि आईच्या बायबलचा मधला भाग, स्तोत्रसंहितेचा, मामींनीच शिवलाय. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

आता कमी काय ते पण लिहिते, नाहीतर तुम्ही जाल आणि मला बोलाल. दिलेली तारीख पाळली जात नाही. आठ दिवस सांगितले होते, जवळजवळ तिप्पट लागले. अवकाळी पाऊस झाला, हवेत ओल होती, खळ वाळत नव्हती, घाई केली तर पानं वाकडी होतात असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं असणार कारण एक पान पण वाकडं नाही. पण आम्हाला आईच्या वाढदिवसाची प्रार्थना त्या बायबलवरून वाचून करायची होती, ती मोबाईलवरून वाचून केली, त्याचं सगळ्यांना वाईट वाटलं. फोन उचलत नाहीत. जिना अंधारा आणि उभा आहे, वयस्कर माणसांना घेऊन जाऊ नका. पावती देत नाहीत, एका वहीत आपलं नाव आणि काम लिहून सही घेतात. लाल कडा परत लाल करून मिळत नाहीत, कारण त्यासाठी कडा घासून सारख्या कराव्या लागतात आणि मग अक्षराला धोका. पैसे साधारण एका बऱ्या जोडी चपलांच्या किमतीएवढे पडले, एवढ्या हातकामाला मला ते कमीच वाटले, जास्त द्यायला गेले तर घेतले नाहीत. मग आईच्या पद्धतीनं केलं, घरी करंज्या करून नेल्या. आई नाताळाच्या फराळात पहिलं ताट शेजारी पाठवायची आणि मग आम्हाला मिळायचं.

बायबल आणलं त्या रविवारी दादानं ते चर्चला नेलं. आमचं चर्च वायल्डर मेमोरियल, ज्या मिशनरी रॉयल वायल्डर यांच्या नावाचं आहे ते स्वतः १८५२ ला कोल्हापुरात आले, हे साल आईनं संडे स्कूलच्या कित्येक बॅचकडून पाठ करून घेतलंय. उपासना झाल्यावर बाहेर सलाम करायला माणसं थांबतात तसं सगळे थांबले आणि बायबल हातोहात फिरलं. आईच्या संडे स्कूलमधली पोरं आता पन्नाशीची, त्यातल्या एकानं मत्तयात स्वतःचं नाव शोधून काढलं, डोंगरावरच्या प्रवचनाशी, शेजारी आईच्या अक्षरात "फार खोड्या, पण मन चांगले". तो माणूस आता एका शाळेचा हेडमास्तर आहे. त्यानं तिथंच मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि म्हणाला हे मी माझ्या मुलांना दाखवणार.

घरी दादाचा मुलगा, जो कशातच नसतो म्हटलं तो, त्यानं सगळ्या पानांचे फोटो काढून भावंडांच्या ग्रुपवर टाकायला घेतलेत, रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच. मी त्याला हा हिशोब सांगितला नव्हता. आजीनं त्याला कधी सांगितला होता देव जाणे.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. पाऊस सुरू व्हायच्या आधी द्या, जून ते सप्टेंबर ते स्वतःच जुनी पुस्तकं घेत नाहीत. परीक्षेच्या आणि थिसिस सबमिशनच्या दिवसात पण उशीर होतो. द्यायच्या आधी घरी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. सुटी पानं स्वतः चिकटवू नका आणि सेलोटेप तर अजिबात नको, लॅमिनेशन पण करू नका, ते नंतर निघत नाही. आतल्या चिठ्ठ्या, फुलं, तिकिटं काढून नेऊ नका, आहे तसं न्या. कडा मारू नका हे मामांना सांगायची गरज नाही पण दुसऱ्या कुठल्याही दुकानात देत असाल तर आधी हेच सांगा, आणि सांगून झालं तरी पुस्तक मशीनजवळ जाऊ देऊ नका. सकाळी अकराच्या आत गेलात तर दोघं निवांत बोलतात. मी आता आईचं उपासना संगीत, म्हणजे चर्चमधल्या गाण्यांचं पुस्तक, घेऊन जाणार आहे, त्याची पाठ पूर्ण गेलीय आणि ताईला ते पुढच्या नाताळाच्या आत पाहिजे, तर मे महिन्यातच नेऊन देते.